सावंतवाडीची लाकडी खेळणी: बाळाला काय द्यावं, शोकेसमध्ये काय ठेवावं

सावंतवाडीतल्या चितारआळीत, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या गल्लीत, शिरलं की नजर आधी फळांवर जाते. आंबा, काजूचं बोंड, सीताफळ, वांगं, मिरची, सगळं टोपलीभर, आणि रंगकाम असं की बाळ उचलून थेट तोंडातच घालणार. म्हणून तीन वर्षांखालच्या मुलासाठी ही फळं घेऊ नका. ती पांगाऱ्यासारख्या हलक्या, मऊ लाकडाची असतात. वर अस्तराचा थर, त्यावर ब्रशने रंग, शेवटी चकाकी. खालचं लाकूड दाताखाली दबतं, वरचा कडक थर दबत नाही, म्हणून टवके उडतात. सहा दातांचं बाळ एका दुपारी आंब्याचं टोक पांढरं करून ठेवतं. देठ तर वेगळा खोचून चिकटवलेलाच असतो. मोठ्या मुलांना मात्र ही टोपली जरूर द्या. भाजीवाल्याचा खेळ आणि डोळे बांधून नुसत्या हाताने फळ ओळखणं, एवढ्यावर पैसे वसूल होतात.

तोंडात जाणारं खेळणं लाखेचं किंवा अगदी बिनरंगाचं घ्या. लाखकामात ब्रश लागत नाही. लाकूड चरकावर (लेथवर) फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाने लाख वितळून बसते आणि केवड्याच्या पातीने घासून तिला चकाकी आणतात. थर पातळ असतो आणि लाकडाला धरून राहतो, त्यामुळे टवका सहसा उडत नाही. ओळखायचं कसं? लाखेच्या वस्तूवर रंगाचे पट्टे गोल फिरतात, पानं-फुलं नसतात. पान-फूल दिसलं की तिथे ब्रश फिरलाय, मग खाली लाख असली तरी. शंका असेल तर घरी आणून बुडाशी, न दिसणाऱ्या जागी, कापसाने सॅनिटायझरचा एक थेंब लावा. लाख चिकट होते, टिनातला ऑइलपेंट तसाच राहतो.

हीच गोष्ट उलटीकडूनही लक्षात ठेवायची, कारण लाखेची बहुतेक खेळणी घरात सॅनिटायझरनेच खराब होतात. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. उकळत्या पाण्यात किंवा बाटल्यांच्या स्टरिलायझरमध्ये ती मऊ पडते आणि पांढुरकी होते. ओल्या फडक्याला साबणाचा किंचित हात लावून पुसा, लगेच कोरडं करा, सावलीत ठेवा. एवढंच.

लाख निर्धोक म्हणून तिच्यातला रंगही निर्धोक, असं मात्र नाही. दुकानदाराला सरळ विचारा: रंग कुठला, आणि माल इथला की कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा? चन्नपट्टणचा असेल तर बिघडत नाही. तिथलं काळ्या कुड्याचं लाकूड घट्ट आणि गुळगुळीत असतं आणि छोट्या बाळांच्या वस्तूंत त्यांचा हात बसलेला आहे. खेळण्यांवर आयएसआय शिक्का १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, पण हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणजे शिक्का नाही म्हणून माल बेकायदा ठरत नाही, पण रंगातलं शिसं कुणी तपासलंय असंही धरून चालू नका. टिनातला रंग वापरला असेल तर टिन बघायला मागा. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे आणि डब्यावर तसं छापलेलं असतं. टिन दाखवायला कां-कूं झाली तर बिनरंगाची वस्तू घ्या.

खुळखुळा घेताना तो सुंदर किती यापेक्षा हलका किती हे बघा. चार महिन्यांचं बाळ खुळखुळा आधी स्वतःच्याच कपाळावर आपटतं. ५० ग्रॅमच्या आसपास असेल तर ठीक, ८० च्या पुढे नको. मूठ करंगळीएवढी जाड हवी. दोन्ही टोकांचे गोळे ४.५ सेंमीपेक्षा मोठे हवेत, म्हणजे घशात अडकायची भीती नाही. आत मणी भरून दोन अर्धुकं चिकटवलेला खुळखुळा घेऊ नका. पावसाळ्यात सांधा सुटला की मणी बाहेर. एकाच लाकडातून कातलेला आणि दांड्यावर कड्या सरकणारा चांगला. घरातल्या बाकी सुट्या वस्तूंसाठी टिश्यू पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी जपून ठेवा. तिच्यातून जे आरपार जाईल ते तीन वर्षांपर्यंत वरच्या फळीवर.

आता पांगुळगाडा. आजी-आजोबा हौसेने घेतात आणि नातवंडं याच्यावरूनच सर्वांत जास्त पडतात. दोष कारागिराचा नाही, फरशीचा आहे. हा गाडा शेणाने सारवलेल्या जमिनीसाठी घडला. तिथे चाक जरा अडतं, पोर एक पाऊल टाकतं, गाडा एक पाऊल सरकतो. व्हिट्रिफाइड टाइल्सवर तो सुसाट पुढे जातो आणि पोर मागे राहून तोंडावर आपटतं.

दुकानातच दोन गोष्टी तपासा. दोऱ्याला किल्ली बांधून दोरा गाड्याच्या मुठीच्या दांड्यावरून खाली सोडा. किल्ली मागच्या दोन चाकांच्या आसाच्या पुढे टेकायला हवी. ती आसाच्या मागे गेली, तर पोर दांड्याला धरून उठायला जाईल तेव्हा पुढचं चाक उचललं जाऊन गाडा अंगावर येणार. दुसरं, मागच्या चाकांमधलं अंतर किमान ३० सेंमी हवं, नाहीतर वळताना तो कलंडतो. मुठीची उंची पोराच्या बेंबी आणि छातीच्या मध्ये असावी. साधारण ४० ते ४५ सेंमी बहुतेकांना पुरते.

घरी आणल्यावर चाकांना रबर चढवायचं. पंक्चरवाल्याकडून स्कूटरची जुनी ट्यूब आणा, तिच्या २ सेंमी रुंद आडव्या कड्या कापा, साबणाने धुऊन चाकांवर ताणून बसवा. १० सेंमी व्यासाच्या चाकावर त्या डिंकाशिवाय घट्ट बसतात. सायकलची ट्यूब नको. ती फार ताणावी लागते आणि महिन्याभरात चिरते. मग पुढच्या चाकाच्या वरच, शक्य तितकी खाली, दीड किलो तांदळाची पुरचुंडी बांधा. वजन वर बांधलं तर उलटा परिणाम होतो. आणि पोर स्वतःहून धरून उभं राहत नाही तोवर गाडा देऊ नका. गाडा चालायला शिकवत नाही, चालू लागलेल्याला सोबत करतो. जिना आणि उंबरा असलेल्या खोलीत तर नकोच.

भातुकली सेटमध्ये घेण्यापेक्षा सुटी निवडून घ्या. सेटमधला पोळपाट ५-६ सेंमीचा असतो, त्यावर काही लाटता येत नाही आणि दोन दिवसांत तो पलंगाखाली जातो. १२ सेंमीचा पोळपाट आणि १५ सेंमीचं लाटणं घेतलं तर तीन वर्षांचं मूल खरी कणिक लाटू शकतं. अर्धी वाटी कणिक, पाणी बेताचं, आणि दोन थेंब तेल, म्हणजे लाकडाला चिकटत नाही. मीठ भरपूर घालून टिकाऊ गोळा करायची रीत हल्ली फार चालते. ती लहानांसाठी टाळा, कारण गोळ्याचा घास जातोच आणि तेवढं मीठ त्यांना बाधतं. खेळून झालं की पोळपाट लगेच पुसा. ओली कणिक रात्रभर राहिली तर लाख फिकट पडते.

जातं घेतलंत तर खुंटा ओढून बघा, तो बहुधा आधी निखळतो. कोकणातल्या दमट हवेत कातलेलं लाकूड नागपुरात किंवा एसीच्या खोलीत आटतं, मग खुंटा ढिला पडतो आणि चाकं खडखडतात. नव्या वस्तू पहिला आठवडा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, म्हणजे लाकूड हळूहळू आटतं आणि तडे कमी जातात. खुंटा सुटलाच तर फेव्हिकॉलमध्ये सुती दोरा भिजवून त्याला दोन वेढे द्या, ठोकून बसवा आणि २४ तास हात लावू नका. पावसाळ्यात चाक अडलं तर आसाला मेणबत्ती घासा. तेल घालू नका.