ढाल की बंडी? ऑफ-रोडला छाती आणि बरगड्या कशाच्या भरवशावर सोडाव्यात

ऑफ-रोड मोटरसायकल चालवायची तर हेल्मेट, बूट, गुडघ्याचे गार्ड यांचं एकदा ठरून जातं. गाडं अडतं ते छातीपाशी, म्हणजे चेस्ट प्रोटेक्टरपाशी. ढोबळमानानं तीन प्रकार समोर असतात. एक, जर्सीवरून चढवायचं कडक प्लास्टिकचं कवच. दोन, जाळीच्या कापडावर खांदा, कोपर, छाती, पाठ असं सगळं शिवलेलं पूर्ण बाह्यांचं आर्मर जॅकेट. तीन, जर्सीच्या आत घालायचं, बिनबाह्यांचं, मऊ पॅडचं. पहिल्याला मी ढाल म्हणतो आणि तिसऱ्याला बंडी. नावं माझी आहेत, दुकानात मागाल तर कुणाला कळणार नाहीत.

ढाल मी चार वर्षं वापरली, जॅकेट एक मोसम, आणि बंडी घालायला लागून आता तिसरं वर्ष आहे. माझा कल बंडीकडे आहे हे पुढं लपणार नाहीच, म्हणून आधीच सांगून टाकतो. मात्र मी एंड्युरोच्या वाटेवरचा माणूस. झाडी, दगड, चढ, आणि फार तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा वेग. तुम्ही मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर दहाजणांच्या घोळक्यात चालवत असाल, तर माझं म्हणणं थोडं सावधपणे घ्या.

आधी मोडतं काय ते बघू. 'चेस्ट प्रोटेक्टर' हे नावच जरा फसवं आहे, कारण ते ऐकून डोळ्यांसमोर छातीचा मधला भाग येतो. पण बरगड्यांच्या 12 जोड्या पाठीच्या कण्यापासून निघून बाजूनं वळसा घेत पुढं येतात, आणि त्यातल्या चौथी ते नववी या मधल्याच जास्त मोडतात. संथ वाटेवर आपण पडतो तेही बहुतेक कुशीवर. पुढचं चाक मुळावरून घसरतं, गाडी आडवी होते आणि हँडलबारचं टोक बरोबर काखेखाली वाट बघत असतं. हँडलबार चुकला, तर स्वतःचं कोपर चुकत नाही. हात अंगाखाली दुमडून पडलं, की आपलंच कोपर आपल्याच बरगडीत पाचर ठोकल्यासारखं बसतं. खालच्या बरगड्यांचं प्रकरण आणखी नाजूक, कारण डावीकडे त्यांच्याआड प्लीहा असते आणि उजवीकडे यकृत. तेव्हा निवड करताना माझ्या लेखी पहिला प्रश्न असा: काखेपासून शेवटच्या बरगडीपर्यंत, बाजूला, काय आहे?

बऱ्याच ढालींमध्ये तिथं दोन पट्टे आणि एक बकल असतं. बाकी हवा.

शिक्क्यांबद्दल थोडक्यात. आतल्या लेबलावर फक्त ईएन 14021 (ईएन म्हणजे युरोपीय मानक) लिहिलेलं असेल, तर ती वस्तू पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडणारे दगड अडवण्यासाठी आहे, पडण्यासाठी नाही. पडताना बसणाऱ्या आघाताचं मानक वेगळं: छातीसाठी ईएन 1621-3, पाठीसाठी ईएन 1621-2. पाठीच्या मानकात 50 ज्यूलचा आघात करून पलीकडे किती बळ पोचतं ते मोजतात. सरासरी 18 किलोन्यूटनपर्यंत आलं तर लेव्हल 1, 9 पर्यंतच आलं तर लेव्हल 2. मजबूत दिसणाऱ्या, बोटांनी वाजवून बघावंसं वाटणाऱ्या कितीतरी ढाली केवळ दगडवाल्या मानकाच्या असतात आणि दिसायला साध्या बंडीत लेव्हल 2 चं पॅड असतं. उलटही असतं. आणखी एक, छातीच्या पॅडवरचा शिक्का त्या पॅडपुरताच. बाजूला शिवलेला फोम त्याच शिक्क्यात आला असं धरून चालू नका. कित्येकदा तो नुसता फोम असतो. माझ्या बंडीतलाही तसाच आहे, पण नसण्यापेक्षा बरा.

आता ढालीची बाजू. ती अंगापासून जरा सुटी उभी राहते, त्यामुळे जर्सीतून वारा खेळतो. विश्रांतीला थांबलो की दोन बकलं काढली, ढाल आरशाला टांगली, मोकळं. टोकदार दगड, फांदीचा बुंधा, उलटलेल्या गाडीचा फूटपेग (पाय ठेवायचा खुंटा), असल्या अणकुचीदार गोष्टींचा मारा कडक कवच अंगभर पसरवून टाकतं. मऊ पॅड या बाबतीत मागं पडतं, हे मान्य करायला हवं. दुसऱ्याच्या मागच्या चाकाचे दगड छातीवर खायचे असतील, तर ढालीइतकं निवांत काहीच नाही. टप्प टप्प आवाज येतो, एवढंच. धुवायला पाण्याचा पाइप पुरतो.

मग घोडं पेंड कुठं खातं? चढावर.

तीव्र चढ लागला की आपण पुढं झुकतो, छाती टाकीवर नेतो. ढालीची खालची कड टाकीला टेकते आणि टाकी काही मागं सरकत नाही. म्हणून ढाल वर सरकते. आधी दोन बोटं, मग चार, मग वरची कड गळ्याशी, आणि शेवटी हनुवटीखाली. हेल्मेटचा पुढचा भाग तिच्यावर आपटायला लागतो. मान खाली करून चाकासमोरचा दगड बघायचा, तर ती बघू देत नाही. चढ संपला की एक हात हँडलबारवरून काढून ढाल खाली ओढायची. पुढच्या चढाला पुन्हा तेच. दिवसातून पन्नास वेळा तरी मी हे करत असेन. मोजलं नाही कधी, पण घरी आल्यावर डाव्या अंगठ्याला कडेचा वळ दिसायचा.

मी सगळे उपाय करून पाहिले. पट्टे आवळले, तर श्वास पुरेना. एक माप लहान घेतलं, तर खालच्या दोन बरगड्या उघड्या पडल्या. खालच्या कडेला फोमची पट्टी चिकटवली, ती पहिल्याच पाण्यात वाहून गेली. शेवटी मी ते केलं जे बहुतेक लोक करतात: पट्टे सैल सोडले. सैल ढाल वर येते, पण आपोआप खालीही जाते, गळ्याशी अडकून बसत नाही. मला वाटलं, सुटलो.

आणि मग एका ओल्या उतारावर, चालण्याच्या वेगात, गाडी डावीकडे आडवी झाली. पडणं इतकं किरकोळ, की मागचा मित्र हसत होता. सैल ढाल अंगावरून उजवीकडे फिरली आणि डावी बाजू सताड उघडी पडली. हँडलबारच्या टोकानं सातवी आणि आठवी बरगडी गाठली. चीर दोन्हींना, तुकडे नाहीत, एवढं नशीब. पुढचे सहा आठवडे खोकणं, शिंकणं आणि विनोद ऐकणं बंद. पूर्वी बरगडी मोडली की छाती घट्ट बांधून ठेवायचे. आता डॉक्टर बांधू देत नाहीत, उलट दुखलं तरी दर थोड्या वेळानं खोल श्वास घ्यायला लावतात. कारण वरवर श्वास घेत राहिलं तर फुप्फुसाच्या तळाशी कफ साठून न्यूमोनियाची वाट मोकळी होते. तेव्हा कळलं, की जी ढाल मला कागदावर उत्तम वाटत होती, तिची खरी परीक्षा टिकाऊपणाची नव्हतीच. त्रास नको म्हणून मी तिचं काय करून ठेवतो, ही होती.

दोष ढालीचा किती आणि माझा किती, हे तुम्ही ठरवा. उंच धडाच्या माणसाला हा त्रास कदाचित होणारही नाही. टाकीचा आकार, हँडलबारची उंची, पोट, सगळ्यावर अवलंबून आहे.

बरा झाल्यावर आधी आर्मर जॅकेट घेतलं, भीतीपोटी. एका वस्तूत सगळं येतं, हा त्याचा मोठा गुण. कोपराचे गार्ड घरी विसरणं अशक्य. पण घामेजलेल्या अंगावरून त्या जाळीच्या बाह्या ओढून काढणं म्हणजे सापानं कात टाकण्यासारखं, फक्त साप कुरकुर करत नाही. शिवाय जाळी दोन-चार महिन्यांत सैल पडते, मग कोपराचं पॅड कोपरावर राहत नाही, बाहेरच्या अंगाला फिरतं. माझ्या जॅकेटच्या बाजूला बरगड्यांसाठी नुसती जाळीच होती, हे मी विकत घेताना बघितलंच नव्हतं. दुधानं तोंड पोळलेलं असूनही ताक फुंकून प्यायलो नाही. जास्त काही लिहीत नाही. ज्यांना वेगवेगळे गार्ड बांधायचा कंटाळा आहे आणि थंड हवेत चालवायचं आहे, त्यांना ते पटेल.

बंडीवर आलो तो असा, आडवळणानं.

बंडी अंगाला चिकटून बसते, वर जर्सी येते, आणि ती जागची हलत नाही. तिच्याबद्दल सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एवढीच. चढावर टाकीवर झोपलो तर पॅड पोटाबरोबर वाकतं. तीन वर्षांत ती खाली ओढायला मी हँडलबारवरून हात काढलेला नाही. पुढं एक मोठं पॅड, मागं पाठीचं, आणि दोन्ही कुशींना काखेपासून कमरेपर्यंत बोटभर जाडीच्या पट्ट्या. त्यानंतर मी पडलो नाही असं नाही. डाव्याच बाजूला दोनदा, एकदा तर तसाच हँडलबारवर. निळं-जांभळं झालं, हाड वाचलं. एवढ्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही हे कबूल. दोन पडणी सारखी कधीच नसतात.

तिच्या खोड्याही सांगायला हव्यात. पॅड व्हिस्कोइलास्टिक असतं, डीथ्रीओ किंवा सॅस-टेक या जातीचं: हळू दाबलं तर मऊ, दणका बसला तर कडक. त्याला अंगाची ऊब लागते. थंड पहाटे ते पाटासारखं ताठ असतं आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं आपण पुठ्ठ्याच्या खोक्यात बसल्यासारखं वाटतं. मी ती आदल्या रात्री घरात ठेवतो, गाडीच्या डिकीत नाही. उन्हाळ्यात गरम होतं, ढालीपेक्षा नक्कीच जास्त, आणि थांबल्यावर चटकन काढता येत नाही, कारण आधी जर्सी काढावी लागते. वास तर विचारू नका. पॅड काढून कापड धुता येतं का, हे घेण्याआधी बघाच. खिळ्यासारख्या टोकदार दगडापुढं ती ढालीइतकी निश्चिंत नाही, हे वर आलंच आहे. काही कंपन्या वर पातळ कडक पत्रा आणि खाली मऊ पॅड अशी सांगड घालतात. तशी मिळाली तर ती पहिली बघा.

कोपराचे गार्ड वेगळे घ्यावे लागतात. मला ते सोयीचं वाटतं, कारण ते एकटे बदलता येतात.

नेक ब्रेस, म्हणजे मान जपणारं गळ्याभोवतीचं कडं, वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. ब्रेसचा पुढचा भाग छातीवर टेकतो. ढालीची वरची कड तिथंच येते, आणि ढाल वर सरकली की ती ब्रेसला ढकलते. ज्या ढालींना ब्रेससाठी खाच ठेवलेली असते त्यांचं जमतं. बंडीवर ब्रेस सपाट बसतो. पाण्याच्या पिशवीचंही तसंच: ढालीच्या पाठीमागच्या पत्र्यावर ती उंच चढून डुलते, पट्टे खांद्याच्या प्लास्टिकवरून घसरतात. आणि कृपा करून मोबाईल छातीच्या किंवा कुशीच्या खिशात ठेवू नका. पॅड आणि बरगडी यांच्यामध्ये काच आणि धातूची वडी ठेवून पडण्यात काय अर्थ आहे?

अंगात घालायच्या, पडताना फुगणाऱ्या एअरबॅगचं विचाराल, तर डकार रॅलीत 2021 पासून दुचाकीवाल्यांना ती सक्तीची आहे. वेगात उडून पडणाऱ्यांसाठी ते मोठंच संरक्षण. माझ्यासारखा जो चालण्याच्या वेगात, एकाच दुपारी चारदा लोळतो, त्याला तिचा किती उपयोग, याबद्दल मी साशंक आहे.

घेताना आरशासमोर ताठ उभं राहून बघू नका, त्या आसनात सगळंच छान दिसतं. खुर्चीवर उलटं बसा, खुर्चीची पाठ पुढं, टाकीवर वाकल्यासारखे वाका. कड गळ्याला येते का? मग दोन्ही कोपरं बाहेर काढून हात उचला आणि कुणाला तरी सांगा, काखेखाली तळवा ठेव. तळव्याला कापड आणि बरगडी लागली, पॅड लागलं नाही, तर ती वस्तू परत ठेवा. शेवटी पोटभर श्वास घ्या. पट्टे अडवत असतील तर आज ना उद्या तुम्ही ते सैल सोडणार.

मोठ्या घोळक्यात, सुक्या मुरमाड वाटेवर जायचं असेल, तर दगडांच्या भीतीनं मी अजूनही बंडीवरून जुनी ढाल चढवतो. पहिल्या चढापर्यंत ती जागेवर असते.