थ्रॉम्बॉक्सेन की एलपीए: प्लेटलेटला जागं कोण करतं?

प्लेटलेट म्हणजे रक्ताची गुठळी करणारे रक्तातले सूक्ष्म कण. त्यांना चेतवणारे हे दोन्ही स्निग्ध रेणूच, पण स्वभाव अगदी वेगळे.

थ्रॉम्बॉक्सेन ए२ प्लेटलेट स्वतःच बनवते. इजा झाली की पेशीपटलातून ॲराकिडॉनिक आम्ल सुटतं, कॉक्स-१ विकर त्यावर काम करतं आणि तयार झालेला रेणू बाहेर पडून शेजारच्या प्लेटलेट्सनाही चेतवतो. त्याचं अर्धआयुष्य जेमतेम ३० सेकंद. त्यामुळे १९७५ मध्ये स्टॉकहोममध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल्सन यांच्या गटाने तो ओळखला, याचं मला आजही कौतुक वाटतं. ॲस्पिरिनची छोटी गोळी कॉक्स-१ कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने नवं विकर फारसं बनत नाही, म्हणून परिणाम तिच्या ७ ते १० दिवसांच्या आयुष्यभर टिकतो.

एलपीए, म्हणजे लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल, रक्तद्रवात ऑटोटॅक्सिन विकरामुळे बनतं. धमनीत साचलेल्या मेदाच्या थरातही ते सापडतं. थर फुटला की थेट प्लेटलेट्सना भिडतं. आधी चपटी प्लेटलेट गोल, काटेरी होते. एकट्याने मोठी गुठळी करण्याची त्याची ताकद मात्र कमी. एडीपीसारख्या (हाही प्लेटलेट चेतवणारा रेणू) रेणूंची जोड मिळाली की जोर वाढतो. गंमत म्हणजे काही निरोगी माणसांच्या प्लेटलेट्स त्याला दादच देत नाहीत आणि उंदरांच्याही नाहीत, त्यामुळे उंदरांवरचे निष्कर्ष इथे जपूनच वाचावेत.

औषधाच्या दृष्टीने आज थ्रॉम्बॉक्सेनच पुढे. पण ॲस्पिरिन घेऊनही गुठळी का होते, हे शोधताना मी एलपीएकडे आधी पाहीन.