हवाई अंतराची कॅल्क्युलेटर: किलोमीटर बरोबर, तास अंदाजपंचे

दोन शहरांची नावं टाकली की हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी फुकट कॅल्क्युलेटर नेटवर ढिगानं आहेत. अंतरासाठी ती चांगली, पाचपैकी साडेचार. वेळेसाठी दोनच्या वर द्यायला मन होत नाही.

अंतरातही एक खड्डा आहे आणि त्यात मराठवाड्यातलाच माणूस पडतो. 'औरंगाबाद' टाइप केलं की काही कॅल्क्युलेटर बिहारचं औरंगाबाद उचलतात. दिल्लीहून ते सरळ रेषेत साधारण 830 किलोमीटर, तर आपलं चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा विमानतळ) 980 च्या आसपास. आकडे इतके जवळचे की चूक ध्यानातच येत नाही. म्हणून नावाऐवजी विमानतळाचा कोड टाकावा: संभाजीनगरसाठी आयएक्सयू, नांदेडसाठी एनडीसी. एककही बघून घ्यावं. नॉटिकल मैल (1.852 किमी) निवडलेलं असेल तर तेच 980 चे 530 दिसतात.

वेळेचं गणित फारच ढोबळ. अंतराला ताशी 800 च्या आसपासच्या वेगानं भागायचं आणि वर चढ-उतारासाठी अर्धा तास टाकायचा, बहुतेकांची रीत हीच. संभाजीनगर–दिल्ली मग पावणेदोन तासांत बसतं. तिकिटावरची वेळ मात्र विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जागेवर लागेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं, आणि दिल्ली-मुंबईला उतरण्याआधीच्या घिरट्याही. संभाजीनगरहून मुंबईला जाताना हे जास्त जाणवतं: हवाई अंतर जेमतेम 280 किलोमीटर, त्यामुळे विमान पूर्ण वेग धरतं न धरतं तोच उतरायची तयारी.

लांबच्या प्रवासात वारा आडवा येतो. मुंबई–लंडन सुमारे 7,200 किलोमीटर. कॅल्क्युलेटर दोन्ही दिशांना साडेनऊ तासच सांगतं. प्रत्यक्षात उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना येतानापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. वळसेही यात धरलेले नसतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या कंपन्यांच्या विमानांचा वेळ वाढला. नकाशावरची रेघ मात्र तसूभरही हलली नाही!

संभाजीनगर–लंडन टाकलं तरी कॅल्क्युलेटर बिनदिक्कत तास सांगून मोकळं होतं. थेट विमानच नाही, हे त्याच्या गावीही नसतं. मुंबईला किंवा दिल्लीला बदलावं लागतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असले तर बॅग सहसा थेट पुढे जाते. वेगवेगळी तिकिटं असली तर बॅग उतरवून घ्यायची, पुन्हा चेक-इन करायची, वेळ पडली तर टर्मिनलही बदलायचं. अशा वेळी मध्ये किमान चार तास ठेवावेत. लंडनला पोचण्याची वेळ तिथल्या घड्याळाची असते: उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच.