डाव्होसचं ऍव्हलांच (हिमस्खलन) बुलेटिन: पाच स्टार, ते लिहिणाऱ्या माणसांसाठी

आठवडाभर स्वित्झर्लंडमध्ये स्की टूरिंग (स्की लावून डोंगर चढणं-उतरणं) केलं, रोज संध्याकाळी ५ ला एसएलएफ या डाव्होसच्या बर्फ आणि हिमस्खलन संशोधन संस्थेचं बुलेटिन आणि सकाळी ८ ला त्याचं अपडेट, दोन्ही व्हाइट रिस्क ऍपवर वाचायचो. फुकट आहे, चार भाषांत येतं, ऍप नीट चालतं, त्याबद्दल एवढं पुरे.

तिसऱ्या दिवशी हिमस्खलनाच्या धोक्याची लेव्हल ३ होती. आमच्यातला एकजण म्हणाला, पाचातले तीन म्हणजे मधलंच की, जाऊया. पण खाली मजकुरात लिहिलं होतं की सावलीकडच्या उंच उतारांवर जुन्या बर्फात कमजोर थर दडलाय, एका माणसाच्या वजनानेही स्लॅब (बर्फाची अख्खी लादी) सुटू शकते, आणि चालताना 'वुम्म' असा दबका आवाज आला तर तो धोक्याचा इशारा समजा. म्हणून ३० डिग्रीच्या आतला सौम्य रूट धरला, आणि तासाभरात एका सपाट जागी पायाखालून अगदी तोच आवाज आला! अंगावर काटा आला. नुसता कॉम्प्युटरचा नकाशा बघून कोणी असं लिहू शकत नाही, हे तिथेच पटलं. (स्विस आकडेवारीत हिमस्खलनातले निम्म्याच्या आसपास मृत्यू लेव्हल ३ च्याच दिवसांतले आहेत, हे मला नंतर कळलं.)

संध्याकाळी आमच्या गाइडला विचारलं, बुलेटिन लिहिणारी ही माणसं येतात कुठून? तर तो म्हणाला, या कामाची अशी एक सरळ वाट नाहीच, कोणी हवामानशास्त्र नाहीतर भूगोल शिकलेलं, कोणी फिजिक्सवालं, कोणी आधी माउंटन गाइड, आणि अमेरिका-कॅनडात तर कितीतरी जण वर्षानुवर्षं स्की पट्रोलमध्ये (स्की उतारांवरच्या सुरक्षा पथकात) घालवून या कामात आलेले. मला हे फार आवडलं, आणि सुरुवातच तशी आहे, १९३६ मध्ये डाव्होसच्या वर वाइसफ्लुयोखला बर्फाचा अभ्यास सुरू झाला तेव्हा हेन्री बाडर हे खनिजं आणि स्फटिकांचे अभ्यासक होते आणि रॉबर्ट हेफेली मातीच्या मेकॅनिक्समधले इंजिनिअर. म्हणजे एकाने बर्फाचा कण कसा बदलतो ते बघायचं, दुसऱ्याने तो थर वजन किती पेलतो ते. पुढे इथे शिकून गेलेले अमेरिकेचे एड लाशापेल फिजिक्सचे, पण तिकडच्या आल्टा या स्कीच्या ठिकाणी स्नो रेंजर (बर्फाच्या धोक्यावर लक्ष ठेवणारा) म्हणून प्रत्यक्ष उतारांवर राबले.

आजही ड्युटीवरचे फोरकास्टर आधी आपापला अंदाज वेगवेगळा मांडतात, मग एकत्र बसून चर्चा करतात. पुस्तकातला माणूस आणि स्की बूटातला माणूस एकमेकांना अडवू शकतात, मला वाटतं खरी ताकद तीच. शिवाय साधारण २०० निरीक्षक डोंगरातून माहिती पाठवतात, ऑटोमॅटिक स्टेशन्स आहेत ती वेगळीच.

एक गोष्ट नीट समजून घ्या, बुलेटिन एका मोठ्या भागाबद्दल असतं, तुमच्या समोरच्या उताराबद्दल नाही, तो निर्णय तिथे उभं राहून तुम्हालाच घ्यावा लागतो. नवख्या माणसाला लेव्हल ३ चा अर्थ अजून ठळक सांगायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तो 'वुम्म' आवाज कुठे, किती उंचीवर, उताराची कोणती बाजू, हे सगळं आम्ही त्याच रात्री एसएलएफला ऑनलाइन कळवलं.