बदलापूरचे नळाचे पाणी: जडपणाचा दोष नदीचा नाही

बदलापुरातील पाणी जड आहे, आरओ बसवल्याशिवाय इथे भागत नाही, असे नव्याने घर घेणाऱ्यांना हमखास सांगितले जाते. हे पाणी अनेक वर्षे रोज वापरल्यावर माझे मत मात्र वेगळे झाले आहे. नळाला येणारे पाणी मुळात हलके आणि चवीला चांगले आहे, आणि घरात जडपणाची जी लक्षणे दिसतात त्यांचे मूळ बहुतेक वेळा सोसायटीच्या टाकीत सापडते.

हे पाणी उल्हास नदीचे. लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरांतून उतरून नदी कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते आणि बॅरेज बंधाऱ्यापाशी तिचे पाणी उचलून शुद्ध केले जाते. घाटमाथ्यावरचा धो धो पाऊस हाच तिचा मुख्य आधार असल्याने, आणि ते पाणी खडकात फार काळ मुरत न राहता वाहून येत असल्याने, त्यात पाणी जड करणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार कमी असतात. उन्हाळ्यातही नदी वाहती राहते, ती मुख्यतः भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रामुळे. आंध्रा खोऱ्यात साठवलेले पाणी तिथे वीज तयार करून उल्हासच्या पात्रात येते, आणि हे १९२२ पासून चालू आहे. तेही धरणात साठलेले पावसाचेच पाणी असल्याने मे महिन्यातही त्याचा हलकेपणा फारसा बदलत नाही.

मग गीझरच्या कॉइलवर पांढरा थर का बसतो? आमच्या भागातील बऱ्याच इमारतींना बोअरवेल आहे आणि उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी पडू लागले की बोअरचे पाणी त्याच टाकीत सोडले जाते. काळ्या पाषाणाच्या भेगांत मुरलेल्या भूजलात क्षार विरघळलेले असतात आणि तापवल्यावर त्यांतला काही भाग खाली बसतो. थेट लाइनच्या नळाखाली टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या एकूण घटकांचे प्रमाण) मोजणारा मीटर धरला तर आकडा शंभराच्या आसपास दिसतो. एप्रिल-मेमध्ये त्याच इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा आकडा त्याच्या कितीतरी पट होतो. टीडीएस आणि जडपणा एकच नव्हेत, पण एका छपराखालच्या दोन नळांत इतका फरक पडत असेल तर दोष नदीला देता येत नाही. स्वयंपाकघरातही हे लगेच कळते: टाकीच्या पाण्यात तूरडाळ शिट्ट्या वाढवूनही कणीदार राहते, चहावर बारीक तवंग येतो आणि साबणाला फेस धरत नाही, लाइनच्या पाण्यात हीच डाळ मऊसूत शिजते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत आणि टीडीएस ५०० पर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर या मर्यादा ६०० आणि २००० पर्यंत शिथिल होतात. टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओच्या वापराला मनाई करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिला होता, आणि तो मला योग्य वाटतो. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येते तिथे ही नासाडी परवडणारी नाही.

आरओ विकायला घरी आलेल्या एका विक्रेत्याने दोन ग्लासांत विजेच्या कांड्या बुडवून दाखवल्या होत्या. नळाचे पाणी मिनिटभरात गढूळ तपकिरी झाले, आरओचे स्वच्छ राहिले. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि कांडीचे लोखंड विरघळून गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षारच नसल्याने वीज नीट वाहत नाही. उत्तम झऱ्याचे पाणीही या चाचणीत तपकिरीच होईल. अशा प्रयोगाने घाबरवून यंत्र विकणे हे ग्राहकाची फसवणूक करणे आहे.

या पाण्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. पहिल्या पुरांबरोबर नदीला माती येते, तुरटीचे प्रमाण वाढवावे लागते आणि कधी कधी नळालाही गढूळपणा जाणवतो. शिवाय जिथे पुरवठा चोवीस तास नसतो तिथे पाणी बंद असताना जलवाहिनीतला दाब उतरतो आणि गळतीच्या जागेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते. म्हणून नळ आल्यावरचे पहिले पाणी आम्ही धुण्याभांड्याला घेतो. त्या दिवसांत क्लोरीनचा वास आला तर मला बरेच वाटते, कारण नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायलाच हवे. ओटी टेस्टचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले की ते आहे हे कळते. हा तपास कोणत्याही सोसायटीला सहज परवडतो.

लाइनचे पाणी स्वयंपाकघरात येत असेल तर आरओ घेऊ नका. गाळणी आणि यूव्हीचे (अतिनील किरणांनी जंतू मारणारे) साधे यंत्र पुरते, आणि पावसाळ्यात गाळून उकळलेले पाणी उत्तम. यूव्हीचा किरण गढूळ पाण्यात नीट पोहोचत नाही, म्हणून त्याआधीची गाळणी वेळेवर बदलली पाहिजे. बोअरचे पाणी मिसळत असेल तर आधी सोसायटीच्या सभेत दोन टाक्या वेगळ्या करण्याचा विषय घ्यावा: बोअरचे पाणी फ्लश, गाड्या आणि बागेला, नळाचे स्वयंपाकघराला. नवी इमारत पाहायला जाल तेव्हा ही दुहेरी पाइपलाइन आहे का, हे बिल्डरला बुकिंगच्या आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.