लरविकची दोन दुकानं आणि मनालीतलं एक

प्रवासात लोकरीचं दुकान दिसलं की मी आत शिरते आणि एकच प्रश्न विचारते: यातलं इथलं काय? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "सगळंच." बहुतेक ठिकाणी ते खोटं असतं.

मनालीला माल रोडजवळच्या एका दुकानात 'प्युअर पहाडी ऊन' म्हणून करड्या रंगाच्या लड्या घेतल्या होत्या. हॉटेलवर येऊन दोन बोटं धागा तोडला आणि काडी लावली. माझा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे हे केल्याशिवाय चैन पडत नाही. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, काडी बाजूला नेली की ती आपोआप विझते आणि उरलेली राख बोटांत चुरगळते. इथे धागा वितळला आणि टोकाला टणक काळा मणी तयार झाला. ॲक्रिलिक! बहुधा लुधियानाचं, म्हणजे आमच्या सांगलीत मारुती रोडला निम्म्या भावात मिळतं तेच.

ॲक्रिलिकला नाक मुरडणारी मी नाही. बाळंतविडा विणायचा तर मी आजही तेच घेते. टोपडी-मोजे रोज धुवायचे असतात, वाळतात लवकर, बाळाला टोचत नाही, आणि चार महिन्यांत ते कपडे आखूड होणारच असतात. राग आला तो ॲक्रिलिकचा नाही, 'पहाडी'चा.

मुलगा ॲबरडीनला तेलाच्या कंपनीत आहे. त्याच्याकडे राहायला गेलो तेव्हा हाच प्रश्न घेऊन एडिंबराच्या एका दुकानात गेले. दुकान देखणं, उजेड भरपूर, बसायला सोफा, वास कॉफीचा. भिंतभर हाताने रंगवलेली मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर, एकेक लडी अशी की हात मागे येत नाही. लेबलं वाचली: उरुग्वे, पेरू, दक्षिण आफ्रिका. स्कॉटलंडची दोन-तीन सुतं होती, ती खालच्या कप्प्यात. स्टँडवर निटप्रो कंपनीच्या रंगीत लाकडी सुया टांगलेल्या. त्या आपल्या भारतातच बनतात. मी पौंड मोजून त्या विकत घेतल्या असत्या तर आमच्या ह्यांनी जन्मभर ऐकवलं असतं. दुकानाला नावं ठेवायला जागा नाही, पण तेच दुकान उचलून लिस्बनला किंवा बंगळुरूला ठेवलं तरी आतलं काही बदलावं लागणार नाही. त्यासाठी एडिंबरापर्यंत कशाला जायचं?

लरविकची गोष्ट वेगळी.

लरविक म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांचं मुख्य गाव. ॲबरडीनहून संध्याकाळी बोट निघते आणि सकाळी साडेसातला तिथे लागते. रात्रभर उत्तर समुद्र हलवत राहतो. पोट नाजूक असेल तर गोळी आधीच घ्या, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो. धक्क्यावरून चालत जाण्याइतक्या अंतरावर, नॉर्थ रोडवर, जेमिसन अँड स्मिथ आहे. पर्यटकांचं दुकान शोधत गेलात तर पुढे निघून जाल, कारण इमारत वखारीसारखी दिसते. दिसणारच, ती वखारच आहे. हे मुळात लोकरीचे व्यापारी. बेटांवरच्या शेकडो छोट्या शेतकऱ्यांकडून ते कातरलेली लोकर विकत घेतात, आणि त्याच वखारीला लागून सुताचं दुकान आहे.

आम्ही ऑगस्टच्या अखेरीस गेलो, तेव्हा नव्या हंगामाची लोकर यायला सुरुवात झाली होती. आत पाऊल टाकल्यावर पहिला येतो तो वास: मेंढीचा, लोकरीतल्या चरबीचा, थोडा ओल्या गवताचा. ह्यांनी नाकाला रुमाल लावला. मी म्हटलं, "अहो, तुम्ही बाहेर फिरून या, मला वेळ लागेल." ते फिरूनही आले, बोटी मोजूनही आले, तरी माझं झालं नव्हतं.

वेळ लागतो कारण दुकानातली बाई तुम्हाला विकत नाही, विचारते. काय विणणार? कोणासाठी? अंगाला टोचलेलं चालतं का? किती घट्ट विणता? मी तिला सांगितलं की मी दहा नंबरच्या सुयांवर विणते, आणि सांगता सांगता वाटलं, आता मिलिमीटर सांगावे लागणार. पण ती साठीच्या पुढची होती. म्हणाली, "म्हणजे सव्वातीन." आपल्याकडे सुयांवर जे आठ, दहा, बारा नंबर असतात ते जुने ब्रिटिश नंबर. त्यांनी केव्हाच सोडले, आपण अजून धरून आहोत. तिच्या आईच्या सुया दहा नंबरच्याच होत्या म्हणे. पुढची दहा मिनिटं आम्ही गिऱ्हाईक आणि दुकानदार राहिलो नाही.

इथलं मुख्य सूत म्हणजे टू-प्लाय जंपर वेट. नावात दोन प्लाय, म्हणजे दोन पदर, असलं तरी जाडीला आपल्या चार प्लायसारखं. २५ ग्रॅमचा गोळा, त्यात सुमारे ११५ मीटर. आम्ही गेलो तेव्हा किंमत साडेतीन-चार पौंड होती, म्हणजे चारशे रुपयांच्या घरात. गोळा छोटा आहे हे ऐकून महाग वाटतं, पण छोटा असण्याला कारण आहे. फेअर आयल पद्धतीच्या रंगीत विणीत एका ओळीत दोनच रंग असतात, आणि दर दोन-चार ओळींनी ते बदलतात. एखादा रंग सगळ्या स्वेटरमध्ये मिळून दहा ग्रॅमही लागत नाही. १०० ग्रॅमची लडी घेऊन करणार काय?

हातात घेतल्यावर मात्र निराशा होते, हे आधीच सांगते. मेरिनोची सवय असेल तर हे सूत कोरडं, जरासं खरखरीत लागतं. विणून कोमट पाण्यात भिजवून पसरून वाळवलं की मगच ते फुलतं, टाके एकमेकांत बसतात आणि कापड एकजीव दिसतं. गळ्याशी थोडं टोचतं, नंतरही. आत कॉलरचा शर्ट घालणाऱ्यासाठी विणा.

आणि या खरखरीतपणातच त्याची सगळी करामत आहे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ते एकमेकांत अडकतात. मशीनमध्ये धुता यावी म्हणून सुपरवॉश मेरिनोवर क्लोरीनची प्रक्रिया करून ते खवले बोथट करतात आणि वरून रेझिनचा पातळ थर देतात. म्हणून ती मऊ, झुळझुळीत आणि निसरडी लागते. शेटलंडचं सूत तसं नाही, एका टाक्याने शेजारच्याला धरून ठेवलेलं असतं. त्याच्या जोरावर इथल्या बायका स्वेटर सबंध नळीसारखा गोल विणतात, मुंढ्यापाशीसुद्धा न थांबता, आणि मग कात्रीने सरळ उभा कापतात. बाहीसाठी, पुढच्या उघड्या बाजूसाठी. टाके सुटत नाहीत. मी हे वाचलं होतं, पण दुकानात एका नमुन्याची कापलेली कड हाताने ओढून बघितली तेव्हा विश्वास बसला. ॲक्रिलिकवर हा प्रयोग करू नका, सगळा स्वेटर उसवून हातात येईल.

न रंगवलेल्या लोकरीचा कप्पा वेगळा आहे आणि मी सर्वांत जास्त तिथेच रेंगाळले. शेटलंड मेंढ्या पांढऱ्या असतात, काळ्या असतात, आणि मधल्या इतक्या छटांच्या असतात की प्रत्येकीला तिथल्या बोलीत नाव आहे. तांबूस तपकिरी ती मूरिट, गडद करडी ती शैला, फिकट करडी-बदामी ती मूस्किट. या छटांचं सूत मेंढीच्या अंगावरच्या रंगाचंच असतं. मी मूरिट घेतली. उन्हात धरली तर गुळासारखी दिसते.

विचारलं तर वखारीत डोकावू देतात, निदान आम्हाला दिलं. एक माणूस एकेका मेंढीची लोकर उलगडून, बोटांनी चाचपून ढीग वेगळे करत होता. मान आणि खांद्यावरची बारीक, मागच्या पायांकडची जाड. बारीक असते तिचं शालींचं सूत, त्याखालची स्वेटरला, आणि अगदी भरड ती गालिचे आणि गाद्यांसाठी. ज्याची लोकर चांगली त्याला भाव चांगला. यंत्र नाही, बोटं. एक गोष्ट मात्र स्वच्छ समजून घ्या: लोकर इथली, निवडणं इथलं, पण या दुकानाचं सूत बेटांवर कातलं जात नाही, ते ब्रिटनच्या मुख्य भूमीवर कातून येतं. मी विचारल्यावर त्या बाईने लपवलं नाही.

बेटावरच कातलेलं हवं असेल तर गावात कमर्शियल स्ट्रीटला जा. तिथे जेमिसन्स ऑफ शेटलंडचं दुकान आहे. नावं सारखी म्हणून लोक दोन्ही एकच समजतात, पण या दोन वेगळ्या कंपन्या. यांची गिरणी बेटाच्या पश्चिमेला सँडनेस नावाच्या वस्तीत आहे, आणि लोकर रंगवण्यापासून गोळा बांधण्यापर्यंत सगळं तिथे होतं. त्यांचं स्पिनड्रिफ्ट सूतही २५ ग्रॅमचं, लांबी १०५ मीटर, थोडं जाड. रंग दोनशेहून जास्त. दुकानाची भिंत म्हणजे खणच खण, प्रत्येकात एक रंग. नुसता 'निळा' असा रंगच नाही; एका निळ्यात चार-पाच रंगांच्या तंतूंचं मिश्रण दिसतं, कारण लोकर आधी रंगवतात आणि मग मिसळून कातात. रंगांसाठी मी या दुकानाला पहिला नंबर देईन, सल्ल्यासाठी वखारीला. एकाच दुकानात जायचं असेल तर वखारीत जा.

सुईबद्दल एक सांगायचं राहिलं. दोन्ही दुकानांपेक्षा ते बंदरावरच्या शेटलंड म्युझियममध्ये जास्त चांगलं कळलं. तिथल्या बायका कमरेला चामड्याचा पट्टा बांधतात, त्यात घोड्याचे केस भरलेली, भोकं पाडलेली एक गादी असते. उजव्या सुईचं टोक त्या भोकात खोचायचं. सुई पट्ट्याने धरली की उजवा हात मोकळा, नुसता धागा फेकायला. पाठीवर टोपली घेऊन चालता चालता विणणाऱ्या बायकांचे जुने फोटो तिथे आहेत. माझी आई उजवी सुई काखेत धरून विणायची, भाजीवाल्याशी हुज्जत घालतानाही सुई हलायची नाही. पट्टा विकत मिळतो. मी किंमत बघून ठेवून दिला.

परत येताना बोटीवर माझ्या डोक्यात जत आणि आटपाडी होती. आमच्या जिल्ह्यात धनगरांची मेंढरं कमी नाहीत. दख्खनी मेंढीची लोकर काळी, भरड, राकट. सणगरांनी तिची घोंगडी विणायची, चिंचोक्याची खळ द्यायची, आणि ते घोंगडं पावसात छत्रीचं काम करायचं. आता लोकरीला भाव असा की कातरणावळही सुटत नाही, असं धनगर सांगतात. दख्खनी लोकरीचा स्वेटर होणार नाही, हे मला कळतं. कोणाच्या अंगाला सहन होणार नाही. पण शेटलंडलाही गाद्यांत जाणारी भरड लोकर आहेच, आणि तिलाही कोणीतरी हात लावून, भाव लावून विकत घेतं. २०११ साली 'नेटिव्ह शेटलंड वूल' या नावाला युरोपात कायद्याचं संरक्षणही मिळालं. सांगलीत मी पैसे घेऊन उभी राहिले तरी दख्खनी लोकरीचं कातलेलं सूत कोणत्या दुकानात मागायचं?

जाणाऱ्यांसाठी थोडं. सप्टेंबरच्या अखेरीपासून तिथे शेटलंड वूल वीक असतो, २०१० पासून. जगभरच्या विणणाऱ्या बायका उतरतात, राहायची जागा मिळत नाही, दुकानात खांद्याला खांदा लागतो. शिकायचं असेल तर त्या वेळी जा, निवांत गोळे चाचपायचे असतील तर आधी. मोठ्यांच्या रंगीत स्वेटरला ढोबळमानाने दहा-बारा गोळे धरा, पाठपोटाचा मुख्य रंग दोन गोळे जादा घ्या. विमानाला वजनाचा प्रश्न येत नाही, पण फुगवट्याचा येतो, हवा काढायच्या पिशव्या न्या. घरी आल्यावर पावसाळ्याआधी डांबराच्या गोळ्या घालून डबा घट्ट बंद करा. अस्सल लोकरीला कसर पहिली लागते, ॲक्रिलिककडे ती ढुंकूनही बघत नाही.

दोन्ही दुकानं टपालाने पाठवतात. जाणं जमणार नसेल आणि घरून मागवणार असाल तर आधी त्यांचं शेड कार्ड मागवा, त्यावर खऱ्या सुताचे तुकडे लावलेले असतात. मोबाइलवर मूरिट बघून रंग ठरवू नका.