मेल त्याच्या लॅपटॉपवर आला, माझ्या फोनवर नाही

लातूरला मी मुलींचं वसतिगृह चालवते. दहावीचा निकाल लागला की परभणी, नांदेड, बीडकडचे पालक लेकींना घेऊन येतात. त्यांना घरबसल्या जागा धरता यावी म्हणून वेबसाइट करून घेतली. फॉर्म भरला की त्यांना पोच, मला मेल. 22,000 रुपये ठरले, वर ‘मेल सर्व्हरची वर्षाची फी’ 4,500.

शेवटचा हप्ता मेल तपासून द्यायचा होता. साइट करून देणारा लॅपटॉप घेऊन आला. “काकू, तुमचाच पत्ता टाका.” टाकला. लगेच त्याच्या पडद्यावर मेल उघडला, वर माझा पत्ता, खाली वसतिगृहाचं नाव. माझ्या फोनवर का दिसेना? “पहिल्यांदा उशीर लागतो.” मी पैसे देऊन टाकले.

जूनमध्ये गंगाखेडच्या एक बाई मुलीला घेऊन दारात उभ्या. “फॉर्म भरून पंधरा दिवस झाले, वाट बघायलोत, तुमचं उत्तरच नाही.” माझ्याकडे एकही मेल आलेला नव्हता.

भाच्याने सेटिंग उघडलं. मेल सर्व्हरच्या जागी लोकलहोस्ट, म्हणजे साइट ज्यावर चालते तोच संगणक, आणि पोर्ट, म्हणजे त्यातल्या दाराचा नंबर, 1025. साइट बनवताना खऱ्या माणसांना चुकून मेल जाऊ नयेत म्हणून मेलपिटसारखी साधनं असतात. ती सगळे मेल अडवून 8025 पोर्टवरच्या पानावर दाखवतात. साधन चांगलं, फुकटही. पण मुद्दाम तशी सोय केल्याशिवाय त्यातून बाहेर काहीच जात नाही. मला दाखवलं ते हेच पान. चालू साइटवर तर तेही नव्हतं, त्यामुळे प्रत्येक मेल तिथेच अडकत होता आणि पालकांना ‘धन्यवाद’ दिसत होतं. मेलसेवा विकत घेतलेलीच नव्हती. ते 4,500 सरळ खिशात घातले, म्हणून मी याला चूक म्हणत नाही.

डेटाबेसमध्ये 37 फॉर्म पडून होते. सगळ्यांना फोन केले, बहुतेकींनी दुसरीकडे जागा घेतली होती.

साइट चालू झाल्यावरच, आपल्या हाताने, दोन-तीन वेगळ्या पत्त्यांवर मेल पाठवून बघा आणि स्वतःच्या फोनवर उघडा. संगणकावर जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ केलं की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या, मेल खरंच त्या नावाने आला का ते बघणाऱ्या तपासण्यांपुढे ‘पास’ दिसायला हवं. मेलसेवेचं खातं आणि पावती आपल्याच नावाची घ्या, मगच शेवटचा हप्ता.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे. साइट करणाऱ्याचा फोन बंद लागतो. गंगाखेडच्या मुलीसाठी मी खालच्या खोलीत एक कॉट वाढवली.